बापाचा नवस आणि लेकीची कुस्ती

नवस बोलणारा एक असतो आणि तो फेडणारा पुष्कळदा दुसराच असतो. मूल दुखण्यातून उठावे म्हणून आई नवस बोलते. अनवाणी पायांनी डोंगर चढावा लागतो तो त्या मुलाला. बोलणाऱ्याच्या अंतःकरणात प्रेम असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्याच्या पायांनी नवस फेडायचा, त्याला कोणी विचारलेले नसते.

जुन्या करारात शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इफ्ताह नावाच्या सेनानायकाची कथा आहे. अम्मोनी लोकांवर जय मिळाला, तर घरी परतताना आपल्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते परमेश्वराला अर्पण करीन, असा नवस तो बोलतो. जय मिळतो. डफ वाजवीत आणि नाचत सामोरी येते ती त्याची एकुलती एक लेक. बाप आपली वस्त्रे फाडतो आणि, विलक्षण गोष्ट अशी की, आपल्याला या दुःखात लोटल्याचा बोल तो तिलाच लावतो. लेक नवस मोडण्याची गळ घालीत नाही. मैत्रिणींसह डोंगरांवर जाऊन शोक करता यावा म्हणून ती दोन महिन्यांची मुदत तेवढी मागून घेते. परमेश्वराने हा नवस मागितलेला नव्हता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तो बापाच्या मनातून निघाला आणि लेकीच्या जिवावर फिटला.

ही कथा आम्हांस आठवली ती एका हिंदी चित्रपटामुळे. नितेश तिवारी यांनी दिग्दर्शित केलेला ‘दंगल’ हा चित्रपट २०१६ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर प्रदर्शित झाला. पुढल्या वर्षी तो चीनमध्येही अफाट लोकप्रिय झाला. भाषा वेगळी, धर्म वेगळा, कुस्तीची परंपरा वेगळी, तरी तेथील प्रेक्षक त्यात रमले. कारण कुस्ती हे या चित्रपटाचे केवळ वरचे आवरण आहे. आत आहे ते बाप आणि लेक यांचे नाते. बापाने आपले अपुरे राहिलेले स्वप्न लेकराच्या खांद्यावर ठेवावे काय, हा त्या नात्यातला प्रश्न. तो आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घराचा असल्यामुळे त्याचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

कथा हरियाणातील बलाली या गावची आहे आणि तिचा गाभा खरा आहे. महावीरसिंग फोगट हे एके काळचे मल्ल. देशासाठी सुवर्णपदक मिळवावे ही त्यांची मनीषा होती. परंतु चित्रपटातील महावीरला चरितार्थासाठी कुस्ती सोडून नोकरी धरावी लागते. आपण जे करू शकलो नाही ते आपला मुलगा करील, या आशेवर तो दिवस काढतो. एकामागून एक चार मुली होतात आणि स्वप्न मनाच्या तळाशी जाऊन पडते. मग एके दिवशी थोरल्या दोघी, गीता आणि बबिता, शिवीगाळ करणाऱ्या दोन मुलांना बदडून घरी येतात आणि बापाचे डोळे उघडतात. पदक मुलाने आणले काय आणि मुलीने आणले काय, सोने ते सोनेच!

येथून पुढे त्या दोन अजाण मुलींवर जे कोसळते ते पाहताना प्रेक्षक हसतो खरा, पण त्याने क्षणभर थांबून विचार करावा. पहाटे पाचला उठवून धावायला लावणे, जिभेचे चोचले बंद, चुलतभावाच्या विजारी कापून केलेल्या आखूड चड्ड्या, गावभर होणारी टवाळी. मातीने केसांत उवा होतात अशी तक्रार केली, तर बाप न्हाव्याला बोलावून केसच कापून टाकतो. मुली रडतात, घड्याळाची वेळ बदलून ठेवतात, दिवे बंद पाडतात. लहान मुलाला ‘नाही’ म्हणण्याचे जेवढे मार्ग ठाऊक असतात, तेवढे सारे त्या वापरून पाहतात. बाप ढळत नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट पाहण्याजोगी आहे. हे सारे आरंभण्यापूर्वी महावीर आपल्या पत्नीकडे एक वर्षाची मुदत मागतो. वर्षभरात काही साधले नाही तर हे स्वप्न कायमचे गाडून टाकीन, असे तो तिला सांगतो. म्हणजे त्याने अनुमती घेतली ती मुलींच्या आईची. मुलींना त्याने विचारले नाही. इफ्ताहाच्या लेकीला निदान दोन महिने मिळाले होते!

आता या बापाची बाजूही ऐकली पाहिजे. ती चित्रपटात एका लहानशा प्रसंगातून येते आणि मांडते एक परकी मुलगी. गीता आणि बबिता चोरून एका मैत्रिणीच्या लग्नाला जातात. नवरी जेमतेम चौदा वर्षांची आहे. बापाने तिथे येऊन रागाचा तमाशा केल्यावर दोघी बहिणी त्या नवरीपाशी गाऱ्हाणे करतात, की असा बाप देवाने कोणाला देऊ नये. त्यावर ती नवरी म्हणते ते थोडक्यात असे, की असा बाप देवाने मलाच दिला असता तर किती बरे झाले असते. मुलगी म्हटली की चूल, भांडी आणि वयात येताच तोंड न पाहिलेल्या माणसाच्या हाती सोपवणी. तुमचा बाप निदान तुम्हांला आपली लेकरे समजतो. तुमच्यासाठी तो साऱ्या जगाशी भांडतो आहे. या बोलण्यानंतर दोघी मुली आपण होऊन पहाटे उठू लागतात.

या नवरीचे बोलणे पोकळ नव्हे. २००१ च्या जनगणनेत हरियाणातील सहा वर्षांपर्यंतच्या बालकांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८१९. म्हणजे चूल आणि भांडी हे नशीबदेखील ज्यांच्या वाट्याला आले नाही, अशा मुली किती असतील याची कल्पना करावी. आपण महाराष्ट्रातल्यांनी हरियाणाकडे पाहून नाक मुरडण्याचेही कारण नाही. २००१ साली आपल्याकडे हाच आकडा ९१३ होता आणि २०११ साली तो ८९४ वर उतरला. जिथे मुलगी जन्माला येणे हीच एक कुस्ती आहे, तिथे लेकीला आखाड्यात उतरवणारा बाप तिच्यासाठी एक नवे दार उघडीत असतो, हे मान्य केले पाहिजे.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. दुसऱ्या बापाने अधिक मोठा अन्याय केला म्हणून पहिल्या बापाची सक्ती न्याय्य ठरत नाही. नीतिशास्त्राचा हा प्राथमिक धडा आहे. शेजारी उपाशी ठेवतो म्हणून आपण शिळे वाढावे, असे कोणी म्हणणार नाही.

दुसरे समर्थन पुष्कळांच्या तोंडी असते ते यशाचे. शेवटी सोने मिळाले ना? गीता फोगट यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५५ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकले. असे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला कुस्तीगीर. बबितांना त्याच स्पर्धेत रौप्य मिळाले आणि २०१४ साली ग्लासगो येथे सुवर्ण. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी गीता पात्र ठरल्या; तोही भारतीय महिला कुस्तीत पहिलाच मान. मग बापाचे चुकले कुठे?

हे समर्थन आम्हांस सर्वांत धोक्याचे वाटते. ज्या बापांची लेकरे जिंकली त्यांच्यावर चित्रपट निघतात. ज्यांची हरली त्यांचे काय? तशाच पहाटे उठवलेली, तशीच रडलेली आणि पुढे कोणत्याही चौथऱ्यावर न चढलेली मुले या देशात किती तरी असतील. सक्ती योग्य की अयोग्य हे जर पदकावर ठरणार असेल, तर नीती आणि सोडत यांत फरक उरला नाही. याच फोगट घराण्याने या गोष्टीचा दाखला जगापुढे ठेवला आहे. लहानपणीच वडिलांना मुकलेली महावीरसिंगांची पुतणी विनेश याच काकांच्या हाताखाली कुस्ती शिकली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० किलो गटात तोवर अजिंक्य मानल्या गेलेल्या जपानी प्रतिस्पर्धिनीला हरवून ती अंतिम फेरीत पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर तिचे वजन शंभर ग्रॅमने अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. मूठभर धान्याचे ते वजन! त्या शंभर ग्रॅमनी तिच्या बालपणीच्या साऱ्या पहाटा व्यर्थ ठरल्या काय? आणि काटा शंभर ग्रॅमने खाली राहिला असता, तर त्याच पहाटा पुण्यप्रद ठरल्या असत्या काय? लेकराच्या संगोपनाचे माप असल्या काट्यावर करता येत नाही.

मग माप कोणते? ख्रिस्तसभेच्या परंपरेने या प्रश्नाचा पुष्कळ खोल विचार केला आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात एक सुंदर कल्पना मांडली आहे. मूल जन्मापूर्वी मातेच्या उदरात असते. जन्मानंतर, स्वतःची विचारशक्ती जागी होईपर्यंत, ते आईबापांच्या छत्राखाली जणू एका आत्मिक उदरातच वाढत असते. म्हणून त्या काळात त्याच्यासाठी निर्णय घेण्याचा हक्क आईबापांचाच. परंतु उदराची ही उपमा दुसऱ्या बाजूनेही वाचावी लागते. उदरातून बाहेर येण्याची वेळ ठरलेली असते. ती टळली तर तेच उदर बाळाच्या जिवावर उठते. याच ग्रंथात संत थॉमस यांनी असेही प्रतिपादले आहे, की विवाह करावा किंवा ब्रह्मचर्य पत्करावे, या बाबतीत मुलांनी आईबापांची आज्ञा पाळलीच पाहिजे असे नाही. हे त्यांचे केवळ ग्रंथपांडित्य नव्हते. त्यांनी माँटे कॅसिनोच्या थोर मठाचे मठपती व्हावे, अशी त्यांच्या घराण्याची आकांक्षा होती. त्यांना भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन बंधूंमध्ये जायचे होते. तेव्हा घरच्यांनीच त्यांना धरून आणून सुमारे वर्षभर आपल्या किल्ल्यात कोंडून ठेवले. मुलाने देवाकडे जाऊ नये असे त्या कुटुंबाचे म्हणणे नव्हते. देवाकडे कोणत्या वाटेने जायचे, ते मात्र आपण ठरवू, एवढाच त्यांचा आग्रह होता. असा आग्रह आजही भाविक घरांतच अधिक आढळतो.

ख्रिस्तसभेची कायदेसंहिता या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. सक्तीने किंवा भयाने लावलेला विवाह तिच्या दृष्टीने विवाहच नव्हे. गुरुदीक्षेसाठी कोणावरही, कोणत्याही कारणाने दडपण आणणे तिने सर्वस्वी निषिद्ध मानले आहे. १९९२ साली प्रकाशित झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, वयात आलेल्या मुलांना व्यवसाय आणि जीवनमार्ग निवडण्याचा हक्क आहे व आईबापांनी त्यांवर दडपण आणू नये, असे सांगितले आहे. आम्ही स्वतः सेमिनरीत वाढलो. आमच्यासारख्या अनेकांच्या पाचारणामागे आईचा नवस होता, हे आम्ही जाणतो. परंतु गुरुदीक्षेच्या वेळी नाव पुकारल्यावर उभे राहून ‘हा मी’ असे म्हणावे लागते ते स्वतः उमेदवाराला. तिथे आईने उत्तर दिलेले चालत नाही.

अपुऱ्या स्वप्नाचा विषय निघाला आहे, तर एका फ्रेंच बापाची आठवण करणे योग्य होईल. घड्याळजी लुई मार्टिन यांना तरुणपणी मठवासी व्हायचे होते. लॅटिन येत नसल्याने त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्यांची पत्नी झेली यांनाही एका धर्मभगिनी संघाने परत पाठवले होते. दोघांची स्वप्ने एकाच जागी अडलेली. पुढे त्यांच्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. त्यांतली सर्वांत धाकटी म्हणजे लिस्यूची संत तेरेज. वरवर पाहता हे बलालीच्या महावीरसारखेच झाले. परंतु फरक पाहा. १८८७ च्या पेंटेकॉस्टच्या दिवशी, बागेत बसलेल्या बापाकडे चौदा वर्षांची तेरेज आपण होऊन गेली आणि तिने कार्मेल मठात जाण्याची परवानगी मागितली. बापाच्या डोळ्यांत पाणी आले. भिंतीलगतचे एक लहानसे पांढरे फूल त्यांनी मुळासकट उपटून तिच्या हाती दिले. मागणारी लेक होती आणि देणारा बाप होता. तिसरी मुलगी लिओनी तीनदा मठात जाऊन परत आली. १८९९ साली चौथ्या खेपेस ती तिथे स्थिरावली. पहिल्या दोन खेपांना बाप हयात होता आणि घराचे दार तिच्यासाठी उघडे होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली या दांपत्याला एकत्र संतपद बहाल केले. त्या संतपदात या उघड्या दाराचाही वाटा असावा, अशी आमची समजूत आहे.

आता पुन्हा ‘दंगल’कडे वळू. महावीर हा लुई मार्टिन नव्हे. पण तो इफ्ताहही नव्हे, आणि चित्रपटाचे मोठेपण त्याने तो प्रवास दाखवण्यात आहे. आरंभी स्वप्न केवळ बापाचे असते. ते लेकीचे कधी होते? आमच्या मते, पहिल्या कुस्तीच्या रात्री. गीता मुलांच्या फडात सर्वांत दांडगा प्रतिस्पर्धी निवडते आणि हरते. त्या रात्री तिला झोप येत नाही. हरल्याचे तिला सलत असते. ती बापाला विचारते ते एवढेच, की आता पुढची कुस्ती कधी? विजयानंतर असा प्रश्न कोणीही विचारील. पराभवानंतर तो तिच्या तोंडून आला, तेव्हा ते स्वप्न बापाच्या खांद्यावरून उतरून तिचे झाले. बापाने तिला जे काही दिले त्याची कसोटी त्या रात्री लागली. दिल्लीतल्या सुवर्णपदकाला त्यानंतर बरीच वर्षे होती.

पुढे लेक पतियाळाच्या क्रीडासंस्थेत जाते, नवे डाव शिकते, केस वाढवते, घरी आल्यावर बापाचे शिकवणे जुनाट ठरवते. चिडलेला बाप तिच्याशी मातीत उतरतो आणि वयाने थकलेला तो मल्ल लेकीकडून चीत होतो. बबिता बहिणीला सुनावते, की बापाचे डाव कमी पडलेले नाहीत, त्याचे वय झाले आहे. त्यानंतर बापलेकींत अबोला येतो. हा अबोला कोणत्या घराला ठाऊक नाही? शिकून पुढे गेलेली मुले आणि मागे राहिलेले आईबाप यांच्यामध्ये तो मूकपणे येऊन बसतो. चित्रपटात तो मोडतो एका दूरध्वनीने. हरून हरून थकलेली गीता बापाला फोन करते. दोघांनाही बोलता येत नाही, दोघेही रडतात. चौथी आज्ञा म्हणजे काय, याचे याहून सोपे निरूपण आम्ही क्वचितच पाहिले आहे. आईबापांचा मान राखणे म्हणजे आयुष्यभर त्यांच्या शब्दाबाहेर न जाणे नव्हे. त्यांच्या पुढे गेल्यावरही त्यांच्याकडे परत वळणे, हा तो मान.

अंतिम सामन्याच्या वेळी गीताचा प्रशिक्षक कपटाने महावीरला एका खोलीत कोंडून ठेवतो. आपल्या मराठी रंगभूमीचे आणि चित्रपटाचे गुणी अभिनेते गिरीश कुलकर्णी यांनी ही भूमिका केली आहे. प्रत्यक्षात असे काही घडलेले नव्हते. अंतिम लढतही पडद्यावर दिसते तशी अखेरच्या क्षणापर्यंत अटीतटीची नव्हती. गीता फोगट यांनी ती सहज जिंकली होती. खऱ्या माणसांच्या कथेत असा खलनायक घुसवणे कितपत न्याय्य, हा प्रश्न आम्हांस पडतो आणि त्याचे उत्तर चित्रपटाच्या बाजूने देता येत नाही. एवढे म्हणूनही, या कल्पित प्रसंगाने कथेचा अर्थ उजळला हे नाकारता येणार नाही. आयुष्यभर आखाड्याच्या कडेला उभा राहून सूचना देणारा बाप नेमक्या त्या घटकेला तिथे नसतो. लेक गर्दीत त्याला शोधते. जागा रिकामी असते. मग तिला बालपणीचा एक प्रसंग आठवतो. बापाने तिला पाण्यात लोटले होते आणि सांगितले होते, की प्रत्येक वेळी मी वाचवायला येणार नाही. लढायला शिकवणे एवढेच माझे काम, लढायचे तुझे तुलाच आहे. ती लढते आणि जिंकते.

आपल्याकडच्या तालमींत असे बोलले जाते, की वस्ताद शागिर्दाला सारे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःपाशी राखून ठेवतो. वस्तादाला ते शोभत असेल. बापाने मात्र असा डाव राखू नये. पुष्कळ घरांत तो राखलेला असतो. आम्ही तुझ्यासाठी एवढे केले, हा तो डाव होय. मुलगा नोकरी बदलू म्हणतो, मुलगी आपल्या पसंतीचा जोडीदार घरी आणते, सेमिनरीत गेलेला मुलगा परत येऊ इच्छितो, आणि आई डोळ्यांना पदर लावून तोच डाव टाकते. लेकरू चीत होते. जिंकल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात आपण आपल्याच लेकराला पाडलेले असते.

दुसऱ्यासाठी झीज सोसून हक्क न सांगणारी माणसे आपल्या मातीत होऊन गेली आहेत. २०१० च्या स्पर्धेसाठी दिल्लीत कुस्तीचे जे सभागृह बांधले गेले, त्याला खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे त्यांच्या वडिलांनीच दिले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. प्राचार्यांनी पणाला लावले ते स्वतःचे घर, खाशाबांचे आयुष्य नव्हे. आईबापांनी स्वप्न पाहावे, त्यासाठी झिजावे, कर्जही काढावे. परंतु पणाला लावायचे ते आपले असावे, लेकराचे नसावे.

ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंनाही लागू आहे. आम्हांस लेकरे नाहीत, तरी लोक आम्हांला ‘फादर’ म्हणून हाक मारतात, आणि ज्याला तशी हाक मिळते त्याला तसा मोहही होतो. आपण घडवलेल्या तरुणांनी आपल्याच चाकोरीत चालावे, आपण सुरू केलेले मंडळ आपल्याच शब्दावर चालावे, हा बापपणाचा मोह झग्याआडही असतो. म्हणून हे लिहिताना आम्ही केवळ आईबापांकडे बोट दाखवीत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग अशा वेळी आधाराला येतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो. तीन दिवस शोध करून थकलेली मरियामाता त्याला दुखावल्या स्वरात विचारते, की तू आमच्याशी असे का वागलास. तो आपल्या पित्याच्या घराचा उल्लेख करतो. त्या शब्दांचा अर्थ तिला आणि जोसेफला कळत नाही, असे लूकने निःसंकोचपणे नोंदवले आहे. पवित्र कुटुंबातही एक दिवस असा आला, की आईबापांना आपले मूल समजले नाही! त्यानंतर दोन गोष्टी घडतात. मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथला जातो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो. आणि आई न कळलेले ते शब्द अंतःकरणात जपून ठेवते. तिने त्याला शब्द मागे घ्यायला लावले नाहीत, आणि त्याने ते शब्द बोलून घर सोडले नाही. आपल्या घरांना अनुकरणासाठी एवढे पुरे आहे.

स्वप्ने पाहू नका, असे आम्ही कोणत्याही आईबापाला सांगणार नाही. ज्या घरात मुलांविषयी काहीच स्वप्न नाही, त्या घरात मुले वाऱ्यावर वाढतात. पहाटे उठवावे, अभ्यासाला बसवावे, कंटाळा आला तरी उपासनेला न्यावे. मूल लहान आहे तोवर हे आपलेच काम आहे. मात्र अधूनमधून स्वतःला विचारावे, की याची किंमत मी मोजतो आहे की माझे लेकरू? त्याला ‘नाही’ म्हणता येते काय आणि तसे म्हटल्यावरही घराचे दार उघडे राहील, याची त्याला खात्री आहे काय? आणि माझा हात कोणत्या दिवशी सुटायचा, हे मी मनाशी ठरवले आहे काय? बाप्तिस्म्याच्या वेळी आपण लेकरू हातांवर धरून वेदीसमोर उभे राहिलो, तेव्हा ते आपले नाही हे आपण सर्वांसमक्ष मान्य केले होते. ते पुढे वर्षानुवर्षे आठवणीत ठेवणे तेवढे अवघड असते.

‘दंगल’मध्ये लेकीच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कुस्ती बापाला पाहता आली नाही. तो अंधाऱ्या खोलीत दारावर धडका देऊन थकून बसला आहे. बाहेर काय झाले ते त्याला सांगायला कोणी नाही. इतक्यात दुरून राष्ट्रगीताचे सूर कानी पडतात आणि तो उठून उभा राहतो. मागाहून लेक त्याच्या हाती पदक ठेवते, तेव्हा वर्षानुवर्षे न उच्चारलेला एकच शब्द त्याच्या तोंडून निघतो : शाबास. आपल्यापैकी पुष्कळांना आपल्या लेकरांचे खरे विजय असेच, बंद दाराआडून ऐकावे लागणार आहेत. काहींना तर ते ऐकूही येणार नाहीत. शाबास म्हणण्यासाठी तोवर थांबण्याची मात्र काही आवश्यकता नाही.